तिथे आपले कोण आहे?



दरवर्षी निकाल लागले, की आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. मुलगा म्हणतो, "मला पुण्याला जाऊन शिकायचे आहे." मुलगी म्हणते, "मी मुंबईच्या कॉलेजात अर्ज करते." आणि अब्बा चहाची बशी खाली ठेवीत विचारतात, "वहाँ अपना कौन है?" तिथे आपले कोण आहे? प्रश्न साधा आहे आणि काळजीपोटी विचारलेला आहे. परंतु नांदेड आणि लातूरच्या कित्येक हुशार मुलामुलींची वाट या एका प्रश्नापाशीच अडलेली आहे. गुण कमी पडले म्हणून नव्हे, पैसा कमी पडला म्हणूनही नव्हे, तर पलीकडच्या गावात दार दाखविणारे कोणी नव्हते म्हणून.

हा प्रश्न आला कोठून? आपल्या वाडवडिलांना तो पडत नव्हता काय? याचे उत्तर इतिहासात आहे. तेच आज आपणांपुढे मांडायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ओळख म्हटली, की आपल्या मनात वशिला येतो. या दोन गोष्टी एक नव्हेत. वशिल्याने लायकी नसताना जागा मिळते आणि ती दुसऱ्या कोणा लायक माणसाच्या तोंडचा घास असते. ओळखीने लायक माणसाला दार कोठे आहे एवढेच कळते. ते उघडायचे असते त्याचे त्यानेच. वशिला मागावा लागतो, ओळख कमवावी लागते. व्यापारी लोक जिला 'पत' म्हणतात, ती ओळखीचीच सख्खी बहीण होय.

लातूरकरांना पत म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. १९१७ साली बांधलेली गंजगोलाई आपण रोज पाहता. फैय्याजुद्दीन या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला. मधोमध गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. कोठे सोनेनाणे, कोठे पादत्राणे, कोठे मिरची आणि गूळ. शेतकऱ्याचा माल आडत्याकडे यावा, आडत्याने तो परगावच्या व्यापाऱ्याला द्यावा आणि पैशाचा व्यवहार एका चिठ्ठीवर व्हावा, ही जुन्या बाजारपेठांची रीत. त्या चिठ्ठीस हुंडी म्हणत. ती लिहिणारा एका गावी, पैसे मोजणारा दुसऱ्या गावी. तरी चिठ्ठी पटत असे, कारण लिहिणाऱ्याने पूर्वी दिलेला शब्द पाळलेला असे. हुंडी काही गरज पडली त्या दिवशी पटत नसते. तिच्यामागे अनेक वर्षांचा चोख व्यवहार लागतो. ओळखीचेही तसेच आहे.

आता आपल्या वाडवडिलांची वाट पाहू. १९४८ पर्यंत नांदेड काय, लातूर काय, हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. राजधानी हैदराबाद, वरिष्ठ न्यायालय हैदराबादेत, मोठी नोकरी हैदराबादेत. सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील रेल्वेमार्ग तयार झाला आणि नांदेड थेट राजधानीशी जोडले गेले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळू लागले. मराठवाड्यातला मुलगा गाडीत बसे, हैदराबादच्या वसतिगृहात राही, पदवी घेई आणि तहसीलदार, वकील, मुन्सफ किंवा शिक्षक होई. वैजापूरचे सिकंदर अली 'वज्द' हे असेच उस्मानियात शिकले, संस्थानच्या सेवेत शिरले, न्यायाधीश झाले आणि कवी म्हणून नावारूपास आले. पुढे १९७२ मध्ये ते राज्यसभेचे सदस्यही झाले. अशा मुलांना तिथे आपले कोण, हे विचारावे लागत नव्हते. गल्लीतला कोणी ना कोणी आधीच तेथे पोहोचलेला असे.

राजधानीत न राहताही दूरवर संबंध जोडता येतात, हे त्या काळी एका माणसाने मराठवाड्यातूनच दाखवून दिले. मौलवी अब्दुल हक हे १९१२ मध्ये अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीस झाले. त्या वेळी ते औरंगाबादेत शिक्षणखात्यात होते. संस्थेचे कार्यालयही त्यांनी औरंगाबादेतच चालविले. टेलिफोन नाही, मोटार नाही, हाताशी केवळ टपाल. त्या टपालावर त्यांनी देशभरच्या विद्वानांशी संबंध जोडले. १९२१ मध्ये 'उर्दू' नावाचे त्रैमासिक काढले, पुढे विज्ञानाचे नियतकालिक काढले, शब्दकोशाचे काम हाती घेतले. मनात काम असेल आणि लिहिण्याची सवय असेल, तर गाव लहान म्हणून काही अडत नाही, हा त्यातला धडा.

आणि मग ही वाट तुटली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने या भागातली जनता होरपळली होती. त्यानंतर झालेल्या हिंसाचारात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबे उद्ध्वस्त झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांची सर्वाधिक हानी नोंदविली, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन्ही नावे आहेत. त्या जखमा उकरून काढण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या घरांतून कर्ता पुरुष गेला, जी कुटुंबे गाव सोडून गेली, त्यांच्याबरोबर शेकडो ओळखीही गेल्या. मार्ग दाखविणारी एक पिढीच विस्कटली, हे विसरून चालणार नाही.

पाठोपाठ नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मराठी माणसाला आपले राज्य मिळाले, हे योग्यच झाले. पण घरातल्या उर्दू शिकलेल्या वडिलांचा विचार करा. ज्या वकिलाची सारी उमेदवारी उर्दूत झाली, ज्याचे वरिष्ठ वकील आणि न्यायाधीश हैदराबादेत होते, त्याचे अपील आता मुंबईकडे जाऊ लागले. मुंबई नांदेडपासून हैदराबादच्या दुपटीहून अधिक लांब. तेथली भाषा वेगळी, माणसे वेगळी, रीत वेगळी. सनद हातात होती, पण तिला ओळखणारे कोणी उरले नव्हते. "वहाँ अपना कौन है?" हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्या दिवसांत जन्मला.

यातून वाट काढली कोणी? ज्यांनी जुनी विद्या टाकली नाही आणि नवी माणसे जोडली, त्यांनी. सेतुमाधवराव पगडींचे उदाहरण घ्या. १९१० साली निलंग्यात जन्मलेला हा माणूस हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होता. मराठीबरोबर उर्दू आणि फारसी त्यांनी मनापासून आत्मसात केली. आदिलाबादकडे काम करताना तेथील गोंडांची भाषाही शिकले. राज्य बदलले तेव्हा त्यांची उर्दू-फारसी निरुपयोगी ठरली काय? उलट महाराष्ट्राला त्यांचीच गरज पडली. ते महाराष्ट्र राज्य गॅझेटियर विभागाचे संपादक झाले. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने त्यांनी मराठी वाचकांपुढे आणली, उर्दू काव्याची गोडी मराठी घरांत पोहोचविली आणि १९९२ मध्ये पद्मभूषण झाले. ज्यांच्यामध्ये काम करायचे त्यांची भाषा शिकणे, ही ओळखीची पहिली पायरी आहे. मराठी माणसाने उर्दू शिकून जे साधले, ते आपल्या उर्दू माध्यमातल्या मुलांनी उत्तम मराठी शिकून का साधू नये? मराठी ही परक्याची भाषा नव्हे. आपण जन्मलो त्या मातीचीच ती भाषा आहे.

व्यक्तींबरोबर संस्थाही उभ्या राहिल्या. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६२ साली औरंगाबादेतून विधानसभेवर निवडून आलेले डॉ. रफिक झकेरिया यांनी पुढच्याच वर्षी तेथे मौलाना आझाद कॉलेज सुरू केले. लातुरात १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठही औरंगाबादेत बसू लागले. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबादची तुटलेली वाट येथे नव्याने बांधली गेली. कॉलेज म्हणजे केवळ पदवीचा कागद देणारी इमारत नव्हे. वर्गात शेजारी बसणारा किनवटचा मुलगा, प्रयोगशाळेत मदत करणारी उदगीरची मुलगी, वाचनालयाचे ग्रंथपाल, आपल्या नावानिशी हाक मारणारे सर, हे सारे उद्याचे 'आपले कोण' असतात. आज 'लातूर पॅटर्न'मुळे दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुले लातुरात खोल्या घेऊन राहतात. एके काळी धान्याचा जो गंज होता, तो आता विद्यार्थ्यांचाही झाला आहे. दोन वर्षे मेसच्या एकाच बाकावर जेवून एकमेकांची नावेही न विचारता परतणारी मुले पाहिली, की वाईट वाटते.

अब्बांनी मुंबईचे नाव ऐकताच प्रश्न विचारला होता. म्हणून मुंबईतलीही दोन माणसे पाहू. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर. त्या न्यायालयाची रीत अशी होती, की बॅरिस्टराने स्वतः अशील शोधायचा नसतो; काम सॉलिसिटरकडून यावे लागते. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन १८५८ मध्येच इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते. घरातच सॉलिसिटर असणे ही मोठी सोय होती, यात शंका नाही. पण बद्रुद्दीन घरच्या ओळखीवर थांबले नाहीत. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. तिची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. एक मुसलमान, एक पारशी आणि एक हिंदू. १८८७ मध्ये ते मद्रास येथे काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आपल्या समाजासाठी काम करणे आणि समाजाबाहेर मित्र करणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले.

"हे मुलांचे झाले, मुलींनी काय करावे?" असे एखादी अम्मी विचारील. त्याच तय्यबजी घराण्यातील अतिया फैजी यांच्याकडे पाहावे. १९०६ मध्ये त्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. तेथे काय पाहिले, कोणाला भेटल्या, काय शिकल्या, हे त्या घरी बहिणीला कळवीत. ते लेखन लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून येई. घराचा उंबरठा न ओलांडलेल्या कितीतरी भगिनींनी त्यातून लंडनचे कॉलेज पाहिले असेल. एक मुलगी पुढे गेली आणि तिने मागे पत्र लिहिले, तर मागच्या शंभर मुलींची भीती कमी होते. आपल्या गावातून नर्सिंगला, फार्मसीला, वकिलीला गेलेली मुलगी हे काम आजही करू शकते. परक्या शहरात मुलीला पाठविताना वसतिगृह कसे आहे, रस्ता कसा आहे, हे तिच्याइतके खात्रीने कोण सांगणार?

येथे परदेशातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की तुम्हांला नोकरीची बातमी कोणाकडून मिळाली. त्याचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शंभरातले सुमारे १७ जणच असे होते, की ज्यांना बातमी देणारा नेहमी भेटणारा होता. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण उघड आहे. चाचा, मामू आणि गल्लीतले दोस्त यांना तेच ठाऊक असते जे आपणांस ठाऊक आहे. नवी बातमी दूरच्या माणसाकडे असते. नातेवाईक आधार देतात, दूरचे परिचित वाट दाखवितात. दोघेही हवेत, पण आपण पहिल्यांवरच सारा भार टाकीत आलो आहोत.

आता अब्दुल हकांच्या टपालाची जागा मोबाईलने घेतली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. २००३ मध्ये 'लिंक्डइन' हे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीचे संकेतस्थळ निघाले. त्याच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले, की नवी नोकरी मिळण्यास अगदी घनिष्ठ माणसांपेक्षा थोड्या दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात. २०१५ पासून केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळही आहे. म्हणजे गाडी आता घराच्या अंगणात आली आहे. पण रूळ अंगणात आले म्हणून कोणी हैदराबादला पोहोचत नसतो. गाडीत बसावे लागते.

गाडीत बसायचे म्हणजे काय करायचे? विद्यार्थी मित्रांनो, अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला नुसते "हाय सर, जॉब आहे का?" असे लिहू नका. आपण वाटेत कोणाला अडवून असे विचारतो काय? प्रथम सलाम किंवा नमस्कार लिहा. मी कोण, कोठला, काय शिकतो आहे, हे दोन ओळींत सांगा. आपण केलेले एखादे काम दाखवा. मग ते वर्गातले प्रकल्पाचे काम असो, उन्हाळ्यात दुकानात ठेवलेला हिशेब असो, की दुरुस्त केलेली मोटार असो. नंतर एकच नेमका प्रश्न विचारा. "तुमच्या कामासाठी मी यंदा काय शिकावे?" हा प्रश्न नोकरी मागण्यापेक्षा फार चांगला. उत्तर आले तर आभार माना आणि सांगितलेले केल्यावर पुन्हा कळवा. नाही आले तर राग धरू नका. महिन्याने एकदा अदबीने आठवण द्या. जमेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन भेटा. पडद्यावर जुळलेली ओळख समोरासमोरच्या भेटीनेच पक्की होते.

सावधही असावे. नोकरी लावण्यासाठी आधी पैसे मागणारा, ओटीपी विचारणारा किंवा घाईने आधारकार्डाची प्रत मागणारा माणूस ओळखीचा नव्हे, चोर समजावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवा. मुलींनी अशा पत्रव्यवहाराची घरी कल्पना द्यावी आणि घरच्यांनीही ती ऐकून घ्यावी. मोबाईल हिसकावून घेतल्याने मुलगी सुरक्षित होत नाही, एकटी होते.

पालकहो, आपणांकडूनही एक अपेक्षा आहे. आपण रिक्षा चालवीत असाल, भुसारचे दुकान चालवीत असाल, शाळेत शिकवीत असाल. आपणांस शंभर माणसे ओळखतात. मुलाला त्यांच्यापुढे न्या. बँकेतल्या साहेबांशी, दवाखान्यातल्या कंपाउंडरशी, कोर्टातल्या कारकुनाशी त्याला स्वतः बोलू द्या. त्याच्या वतीने आपणच बोललात तर ओळख आपली वाढेल, त्याची नव्हे. आणि जे शिकून पुढे गेले त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेला द्यावा. शाळेने एक साधी वही घालावी. कोणता माजी विद्यार्थी कोठे शिकतो, काय काम करतो, कोणत्या विषयाची माहिती देऊ शकतो, एवढे त्याच्या संमतीने तीत लिहावे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक वही, एक पेन आणि ती नियमाने पुढे चालविणारा एक शिक्षक पुरे.

देण्याघेण्याचा हिशेब मात्र सदैव ध्यानात असावा. ज्याने कधी कोणाची हुंडी पटविली नाही, त्याची हुंडी बाजारात पटत नाही. बारावीच्या मुलाने दहावीच्या मुलाला फॉर्म भरून द्यावा, कॉलेजातल्या मुलीने शेजारच्या मुलीला जुनी पुस्तके द्यावीत. ती मुले आपल्या मोहल्ल्यातली असोत वा नसोत, आपल्या धर्माची असोत वा नसोत. ओळखीची सुरुवात घेण्याने नव्हे, देण्याने होते.

नकाशा बदलल्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांची एक वाट तुटली. तो त्यांचा दोष नव्हता. पण गोलाईला १६ रस्ते असताना आपण गल्लीतल्या एकाच रस्त्यावर उभे राहिलो, तर तो दोष आपलाच असेल. पुढच्या वर्षी निकाल लागतील, मुलगी पुन्हा अर्जाचा कागद घेऊन समोर येईल. त्या वेळी "वहाँ अपना कौन है?" हे जरूर विचारा, फक्त विचारून थांबू नका. शाळेतली ती वही उघडा, एक पत्र लिहा, एक फोन करा. आणि तरीही कोणी सापडले नाही, तर तिला सांगा, "बेटी, तिथे आपले कोणी नाही. तू जा. म्हणजे पुढच्या मुलीसाठी तिथे आपले कोणी तरी असेल."